खुणेचा दगड आणि माझी इतर मालमत्ता

दिनांक १७ ऑक्टोबर, रविवार, दुपारचा सव्वा वाजला आहे.

सात महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही. वीस वर्षांत असे झाले नव्हते. वहीची माफी मागणे वेडेपणाचे दिसेल, म्हणून धाकट्या बहिणीची मागते. माझ्यानंतर ही वही तिनेच वाचायची आहे, आणि या सात महिन्यांत तिचे फोनही मी 'कामात आहे गं' म्हणून दोन मिनिटांत ठेवले. कामात नव्हते. घाबरलेली होते. बोलायला लागले असते तर थांबता आले नसते.

आज लिहिते आहे ते माझे मृत्युपत्र. स्वतःच्या हाताने लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली की पुरते, असे वकिलांनी सांगितले आहे. पूर्ण नावे, पत्ते आणि मिळकतीचे क्रमांक सोबतच्या यादीत आहेत. येथे मी माणसांना ज्या हाकेने ओळखते तीच लिहिणार आहे, नाहीतर हात आखडतो.

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, अविवाहित, मिठाच्या कारखान्यात जमिनीची पातळी मोजण्याच्या कामावर एकोणीस वर्षे, लिहून ठेवते की हे मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा कोणाला भिऊन करत नाही. पुढे 'स्थिर मनाने' असे लिहायची रीत आहे. ते शब्द मी दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. माझे मन स्थिर नाही. टेबलावर समोर एक काचेचा वाडगा ठेवला आहे, त्यात काठापर्यंत पाणी आहे, आणि दर चार ओळींनी मी त्याच्याकडे बघते आहे. पण कोणाला काय द्यायचे आणि का द्यायचे हे मला कळते आहे. तेवढी शुद्ध पुरेशी धरावी.

कलम पहिले: घर.

शाळेच्या मागच्या गल्लीतले, तीन खोल्या आणि पडवी असलेले घर माझ्या वडिलांनी बांधले. ते सुतार होते. घर त्यांच्याकडून माझ्याकडे आले आणि माझ्यानंतर ते माझ्या धाकट्या बहिणीचे व्हावे, एवढे एक वाक्य लिहून हे कलम संपायला हवे होते. संपत नाही, कारण हे घर कुणाला देणे म्हणजे काय देणे, हे मला ठाऊक आहे.

बहीण लग्न होऊन गेली तेव्हा तिला वाटले, गाव सुटले. तिच्या मुलीला, माझ्या भाचीला, हे गाव कसे झाले ते कोणीच सांगितलेले नाही, म्हणून थोडे लिहिते. आमच्या पायाखाली दोनशे हात खोल मिठाचा थर आहे. कारखाना बोअरमधून गोडे पाणी खाली सोडतो, ते मीठ विरघळवते, खारे पाणी वर ओढतात, मोठ्या कढयांत आटवतात, आणि मीठ पोत्यांत भरून जाते. गावातले जे जे आहे ते या एका गोष्टीने केलेले आहे. रस्ते वाकडे आहेत, कारण ते जुन्या नळांच्या कडेकडेने पडले. गल्ल्यांना बोअरचे नंबर आहेत. आमची सहा नंबरची. दवाखाना, शाळा, बँक, नळाचे पाणी, सगळे कारखान्याने दिले. दोरीवर वाळत घातलेले कपडे कडक होतात. लोखंड टिकत नाही, म्हणून खिळे पितळी. आणि मिठाच्या ज्या जागी पाणी उरते, तिच्यावरची जमीन हळूहळू बसते, म्हणून प्रत्येक घरात एक रंधा असतो. दार अडकू लागले की उतरवायचे, खालून घासायचे, पुन्हा लावायचे. दुसऱ्या गावच्या सुना हे पाहून हसतात आणि दोन वर्षांनी स्वतः घासायला शिकतात. आम्ही ज्यावर उभे आहोत तेच विकून जगतो. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणी बोलत नाही.

तर घर बहिणीचे. दोन अटी. तिने किंवा भाचीने या घरात एक दिवसही राहू नये, माझ्या सामानाची आवराआवर करायलासुद्धा नाही. वस्तू पडवीतून बाहेर द्यायला मी माणूस सांगून ठेवला आहे. आणि घर विकायचे झाले तर घेणाऱ्याला कलम तिसऱ्यातल्या वहीची प्रत आधी दाखवावी. मी जिवंतपणी जे लपवले ते खरेदीखतात लपू नये.

आतली तीन दारे मी जूनमध्ये बिजागऱ्यांवरून काढून भिंतीला टेकवली आहेत. मोरीला पडदा आहे. पाहुण्यांना सांगते, हवा खेळते. बंद दाराच्या आत उभे राहिले की मला घाम फुटतो. पुढचे दार ठेवावे लागले, पण मी ते नुसते लोटते.

आत्ता वाडग्यातले पाणी काठाशी सरळ आहे.

कलम दुसरे: बँकेत जे असेल ते.

ते भाचीच्या शिक्षणाला. तिला काय शिकायचे ते तिने ठरवावे. मोजणी शिकायची असेल तर माझी ना नाही, पण तिने पहिल्या दिवशी शिक्षकाला एक प्रश्न विचारावा: आपण जिथून मोजायला सुरुवात करतो, ती जागा कोण मोजते?

हा पैसा मला चुकीच्या आकड्यांबद्दल मिळालेला आहे. ते माहीत असून मी तो तिला देते आहे. यावर सकाळपासून विचार केला. दुसरा पैसा माझ्याकडे नाही.

कलम तिसरे: वडिलांची वही.

हिरव्या कापडी बांधणीची, कपाटात वरच्या फळीवर. हे माझ्या मालमत्तेतले सगळ्यात मोलाचे आहे आणि ते मी पार वाया घालवले.

बाबांनी एकतीस वर्षे गावातली दारे घासली. घरी जमायचे नाही अशी मोठी दारे, जोडदारे, दवाखान्याची, शाळेची, यांसाठी त्यांनाच बोलावत. प्रत्येक दाराचे ते टिपून ठेवायचे: कोणाचे घर, कोणती खोली, कोणत्या बाजूने किती सूत घासले. मी नोकरीला लागून चार वर्षे झाली होती. ते वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी कारखान्याच्या साहेबांना द्यायचा तक्ता करत होते, कुठली जमीन किती बसली याचा.

"शाळेचं बघ," ते म्हणाले. "पाच वर्षांत अकरा सूत. आणि सगळं फाटकाकडच्याच बाजूनं."

माझ्या तक्त्यात शाळेपुढे शून्य होते. कारखान्याच्या फाटकाशी खुणेचा दगड आहे. सगळी मोजणी त्याच्यापासून सुरू होते, आणि शाळा रस्ता ओलांडून समोरच. दगडाच्या मानाने शाळा एक केसभरही हलली नव्हती.

मी म्हटले, "बाबा, हे मोजमाप नाही. हा भुसा आहे."

त्यांनी वही मिटली. माझ्यासमोर ती पुन्हा कधी उघडली नाही. ते गेल्यावर मी ती चाळली तेव्हा शेवटची नोंद ते अंथरुणाला खिळण्याच्या आठ दिवस आधीची निघाली: शाळा, चौथीचा वर्ग, तीन सूत, फाटकाकडची बाजू. अकरा वर्षे ते माझ्यामागे गुपचूप मोजत होते. आणि मी तेवढीच वर्षे शून्य लिहीत होते.

वही खाण-निरीक्षकांच्या कचेरीत द्यावी. घर घेणाऱ्याला दाखवायची प्रत बहिणीने आधी काढून घ्यावी.

कलम चौथे: हत्यारे.

मोजणीचे यंत्र आणि पट्टी कारखान्याची आहे, ती परत जावी. तिपाई माझी स्वतःची आहे. कारखान्याची तिसऱ्या वर्षी गंजून मोडली. ती भाचीला.

बाबांचे रंधे पाच आहेत. चार बहिणीला. तिला सुतारकाम येत नाही, मलाही येत नाही, पण लहानपणी त्यांच्या पायाशी बसून ढलप्यांच्या बांगड्या आम्ही दोघींनी घातल्या आहेत. पाचवा, मोठा, शेजारच्या मावशींना. त्या पोती शिवतात, त्यांचे दोन्ही मुलगे कढयांवर आहेत आणि जावई पंपावर. माझ्यामुळे कारखाना थांबला तर या घरात सगळ्यात आधी चूल विझेल. मावशी मला गेली दहा वर्षे आजारपणात पेज आणून देतात. मला जमिनीची भीती वाटते, हे खरे. पण पहाटे दचकून जाग येते ती मावशी दारात उभ्या आहेत आणि काही बोलत नाहीत, या चित्राने. रंधा देऊन हे फिटणार नाही. तरीही द्यावा.

बाबांची पाणसळ, सपाटी बघायची काचेची नळी, साहेबांना. त्यांनी ती आपल्या केबिनमधल्या टेबलावर ठेवावी. बुडबुडा खिडकीकडे जाईल.

कलम पाचवे: हिशेब ज्यांचे मिटले नाहीत.

मृत्युपत्रात रुसवेफुगवे लिहू नयेत, असे वकील म्हणाले. त्यांना हसून हो म्हटले.

बहिणीला: तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, "ताई, तू त्या दगडाशीच लग्न लावून घेतलंयस." सगळे हसले, मीही हसले, आणि सोळा वर्षे ते मनात ठेवले. आता सांगते: तुझे खरे होते. मी त्याच्यावर जितका विश्वास टाकला तितका माणसावर टाकला नाही. माणसाला निदान कोणीतरी विचारते की बाबा रे, तू ठीक आहेस ना. रुसवा मागे घेते.

साहेबांना: यांना मी पाणसळ दिली आहे, त्याहून जास्त काही नाही. पण त्यांच्यावर सगळे ढकलले तर ते खोटे होईल, म्हणून घडले तसे लिहिते.

मोजणी फाटकाच्या दगडापासून निघते आणि टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी संपते. टाकीची उंची यादीत ठरलेली. शेवटी आकडा जुळला नाही, तर फरक ही मोजणाऱ्याची चूक मानतात आणि मधल्या सगळ्या खुणांवर थोडी थोडी वाटून टाकतात. शिकवतातच तसे. पहिल्या वर्षी टाकी यादीपेक्षा दोन मिलिमीटर वर आली. मी साहेबांना विचारले. ते म्हणाले, "टाकी काय झाड आहे वाढायला? वाटून टाक." सगळे हसले. मी वाटून टाकले. पुढच्या वर्षी तीन. मग पाच, मग नऊ. यादी दरवर्षी नवी होत होती, म्हणून मागचे काही उरत नव्हते. गेल्या वर्षी चोवीस आले आणि त्या दिवशी मला जेवण गेले नाही. जमीन वर येत नसते. टाकी जागेवर होती. दगड खाली जात होता, शाळेला बरोबर घेऊन, आणि मी खाली जाणाऱ्या दगडावर उभी राहून सगळे ठीक आहे असे एकोणीस वर्षे लिहीत होते.

हे वाक्य लिहायला मला सात महिने लागले.

मार्चमध्ये दोन रविवार आणि एका सुट्टीच्या दिवशी मी आणि माझा पट्टीवाला नदीपलीकडच्या काळ्या खडकापासून मोजत आलो. पट्टीवाल्याला गावात खांब म्हणतात, कारण पट्टी धरून उभा राहिला की कुत्रेसुद्धा त्याला वळसा घालून जाते. त्या खडकाखाली मीठ नाही. सव्वाचार किलोमीटर, पुलावरून, तीनदा. तिन्ही वेळा एकच उत्तर आले: फाटकाचा दगड जवळजवळ एक वीत खचला आहे. खांबाने पट्टी खाली ठेवली, दगडाच्या भोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ताई, हा तर आपल्यासारखाच निघाला. दिसतो तिथं, असतो भलतीकडंच." आम्ही हसलो. नंतर तो बराच वेळ फाटकाच्या भिंतीला धरून उभा होता.

सोमवारी साहेबांकडे गेले. त्यांनी तीनही पाने वाचली. ओरडले नाहीत. त्यांचा जन्म चार नंबरच्या गल्लीतला, त्यांच्या आईने पोती शिवून त्यांना शिकवले. कढयांच्या वाफेकडे बघत म्हणाले, "दगड खचला असं तू लिहिलंस की आजच्या आज बोअर बंद. उद्या बाराशे माणसं फाटकाबाहेर. त्यांना कोण सांगणार, तू? की एक वीत खाली गेलो म्हणून घरी बसा?"

मी टेबलावरची पाने एकावर एक लावली.

"पुढच्या मोजणीपर्यंत थांबू," ते म्हणाले. "वेग कमी झाला तर?"

तो कमी होणार नव्हता. हे मला माहीत होते आणि त्यांनाही माहीत होते. मी "बरं" म्हटले. त्यांनी मला धमकी दिली नाही, लालूच दिली नाही, दारापर्यंत सोडायला आले. हे 'बरं' माझे स्वतःचे आहे आणि ते कोणाच्या नावावर करून देता येत नाही.

मार्चपासून आजवर दगड आणखी साठ मिलिमीटर गेला आहे. त्यातले नऊ गेल्या पंधरा दिवसांतले. मी दर रविवारी मोजते आणि कोणाला सांगत नाही.

मघाशी जमिनीत 'टक' असे झाले. उठून पडवीत जाऊन उभी राहिले. वाडग्यातले पाणी हलले नव्हते. कदाचित फरशी उन्हाने तापली असेल. परत येऊन बसले आहे. अक्षर खराब आहे, ते समजून घ्यावे.

कलम सहावे: माझ्या देहाबद्दल.

सापडला तर गावाच्या हद्दीत काही करू नये. नदीपलीकडे न्यावा. सापडला नाही तर शोधायला कोणाला खाली उतरवू नये. हे मी हुकूम म्हणून लिहिते आहे.

असे लिहायचे कारण: उद्या, सोमवारी, मी शाळेच्या तळघरात उतरणार आहे. सात नंबरची खूण तिथे भिंतीत आहे. ती मोजली की शाळेचा आकडा पक्का होईल आणि अहवालावर कोणी बोट ठेवू शकणार नाही. तळघराच्या जमिनीला गेल्या महिन्यात भेग पडली आहे, तिच्यात माझी पेन्सिल पूर्ण गेली आणि खाली पडल्याचा आवाज आला नाही. या मृत्युपत्राचे खरे निमित्त तेच.

हे लिहून झाल्यावर दहा मिनिटे नुसती बसले. मला स्वतःला विचारायला हवे: ती खूण मोजून मला काय कळणार आहे, जे मला आज कळलेले नाही? बाबांची वही आहे. खडकापासूनचे आकडे आहेत. शुक्रवारी जे झाले ते आहे. की आणखी एक आकडा हवा आहे, म्हणजे आणखी एक दिवस मिळेल?

शुक्रवारबद्दल लिहायचे मी टाळते आहे.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला चौथीच्या वर्गाचे दार चौकटीत घट्ट अडकून बसले. आत एकतीस मुले आणि त्यांच्या शिक्षिका. खिडक्यांना गज. मी फाटकाशी होते, ओरडा ऐकून धावले. शिपायाने आणि खांबाने बिजागऱ्या उचकटून दार काढेपर्यंत वीस मिनिटे गेली. मुलांना ती गंमत वाटत होती. गजांतून हात काढून ती आम्हाला टाटा करत होती. एका मुलीने मला ओळखले आणि विचारले, "मोजणीवाल्या मावशी, दार किती मोठं झालं?"

मुख्याध्यापिका बाई माझ्याजवळ आल्या. मी पाचवीत असताना त्या शाळेत नव्या लागल्या होत्या; मला भूमिती त्यांनी शिकवली. त्यांच्या केसांना भिंतीचा चुना लागला होता. त्यांनी हळूच विचारले, "काळजीचं काही नाही ना गं?"

मी म्हटले, "नाही बाई. दमट हवा आहे. लाकूड फुगलंय."

एवढेच. हे कोणत्या कलमात घालावे मला कळत नाही.

कलम सातवे: व्यवस्था.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी बहिणीने करावी. खाण-निरीक्षकांसाठी एक पाकीट तयार आहे, त्यात मार्चपासूनची सगळी पाने आहेत. साक्षीदार दोन: खांब आणि मुख्याध्यापिका बाई. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा नियम आहे, म्हणून खांबाला द्यायचे घडीचे स्टूल मी त्याला कालच देऊन टाकले. तो म्हणाला, "एकोणीस वर्षं उभा ठेवलंत, आता बसवताय?" बाईंना फोनवर एवढेच सांगितले की सहीचे काम आहे. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते. मी बाईंना का बोलावले, याचे उत्तर मी या नियमाआड लपवले होते.

पावणेचार झाले. दोघे चारला येतील.

ताजा कलम. बाईंच्या सांगण्यावरून सह्यांच्या आधी जोडलेले.

दोघे वेळेवर आले. खांब स्टूल बरोबर घेऊन आला होता. चहा ठेवला. बाईंनी भिंतीला टेकवलेली दारे पाहिली, मोरीचा पडदा पाहिला, टेबलावरचा वाडगा पाहिला. पेन उघडले आणि सही न करता हातात धरून बसल्या.

"आधी सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितले. खडक, दगड, एक वीत, साठ मिलिमीटर, नऊ. आकडे चुकले नाहीत. शेवटी सांगितले की शुक्रवारी मी खोटे बोलले.

बाईंनी पेनचे टोपण लावले. मग म्हणाल्या, "काल शनिवार होता. अर्धा दिवस शाळा होती. एकशे बारा मुलं आली होती."

"हो."

"चौथीचा वर्ग मी दार नसलेल्या खोलीत बसवला. म्हटलं, हवा खेळेल."

खांब उठून पडवीत गेला. मला वाटले, बाई आता उठून जातील. मला ते बरे वाटले असते.

"तुझ्या वडिलांना मी दर वर्षी बोलवायची," त्या म्हणाल्या. "एकदा मीच म्हटलं, सुतारदादा, पावसानं फुगलं असेल. तर ते रंधा थांबवून म्हणाले, लाकडावर आळ घेऊ नका बाई, चौकट बसतेय. मी विचारलं, मग सांगायचं कोणाला? म्हणाले, माझी मुलगी आहे ना मोजायला."

मी उठले आणि चहा पुन्हा तापवायला ठेवला.

मग बाईंनी ही वही स्वतःकडे ओढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, तपासायच्या वह्या वाचतात तशी, बोट ओळीवर ठेवून. सहाव्या कलमापाशी थांबल्या. "तळघरात कोणीही उतरायचं नाही. तूसुद्धा नाही. पुरे झालं मोजणं."

"बाई, कारखाना बंद पडेल."

"पडेल. माझा नवरा कढयांवरच होता, मला सांगू नकोस. लोक आधी तुझ्या दारात येतील, मग माझ्या. दारं तर तू काढूनच ठेवलीयस." हे त्या हसून बोलल्या नाहीत, पण पडवीत खांबाला हसू आले आणि मग मलाही आले, आणि ते लवकर थांबेना.

बाईंनी शाळेची किल्ली जुडग्यातून सोडवली आणि वाडग्याशेजारी ठेवली. "उद्या शाळा उघडणार नाही. घरोघरी मी आत्ता निघते, पहिली ते चौथी माझ्याकडे, वरचे वर्ग शिक्षकांना वाटून देते. पण शुक्रवारचं लिहिलंयस तसं आत्ता घडलेलंही यात लिही. मग सही करते. उद्या कुणी म्हणालं की बाईंना माहीत नव्हतं, तर मला माहीत होतं असं कागदावर हवं. आजच्या चार वाजल्यापासून."

म्हणून लिहिले.

कलम सहाव्यातला तळघराचा मजकूर रद्द. देहाबद्दलचा कायम. बाकी सर्व कलमे वर लिहिल्याप्रमाणे. खांब उद्याच्या पहिल्या बसने पाकीट आणि बाबांची वही घेऊन खाण-निरीक्षकांकडे जातो आहे; म्हणाला, बसमध्ये स्टूल लागेल. साहेबांना मी सह्या झाल्यावर फोन करणार आहे. मला अजून तितकीच भीती वाटते. पाणी सरळ आहे.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला, दोघांच्या देखत सही केली, आणि दोघांनी माझ्या देखत केली.

सही: पातळी मोजणारी, सुताराची थोरली मुलगी

साक्षीदार पहिला: पट्टीवाला, उर्फ खांब (सही करताना उभा होता)

साक्षीदार दुसरी: मुख्याध्यापिका (मजकूर वाचून)

ठिकाण: राहते घर, सहा नंबर गल्ली, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १७ ऑक्टोबर, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे

उद्या: साडेसहाच्या आत शाळेच्या फाटकावर 'शाळा बंद'चा कागद ठोकणे. बाबांच्या डब्यातून चार पितळी खिळे घेणे.